शिळेवरील दोन नावे : लेखक आणि खोदणारा

चिनी भिक्खू ह्युएनत्संग यांचे नाव आमच्या वाचकांस अपरिचित नाही. इ.स. 641 च्या सुमारास ते महाराष्ट्रात आले. येथे शंभरावर संघाराम व पाच हजार भिक्खू असल्याचे त्यांनी नोंदविले. पूर्व सीमेवरील डोंगरात एक भव्य विहार असून त्याच्या द्वाराबाहेर दगडी हत्ती असल्याचेही ते सांगतात. हे वर्णन अजिंठ्याचे होय, असे विद्वान मानतात. दीपनगर-भुसावळकडून तेथे जाणारे उपासक सोळाव्या लेण्याच्या वाटेवर ते हत्ती आजही पाहतात. ज्या हाताने पुढे चीनमध्ये या भिक्खूंचा गौरवलेख लिहिला, त्या हाताविषयी मात्र आपल्याकडे क्वचितच कोणी लिहिले असेल.

ह्युएनत्संग 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन राजधानी छांग-आन येथे परतले. त्यांच्या अनुवादकार्यासाठी सम्राट थाय-त्सुंग यांनी 648 मध्ये प्रस्तावना लिहिली व युवराजाने तिला पुरवणी जोडली. ग्रंथांच्या रक्षणार्थ 652 मध्ये जो स्तूप उभारला गेला, त्याच्यासाठी पुढील वर्षी हे दोन्ही लेख दोन शिळांवर कोरण्यात आले. तोपर्यंत तो युवराज सम्राट काओ-त्सुंग झाला होता. दोन्ही शिळांची अक्षरे छू स्वेइ-ल्यांग (596-658) यांची आहेत. आजच्या शिआन शहरात त्याच स्तूपाच्या दक्षिण द्वाराच्या दोन बाजूंस त्या उभ्या आहेत.

छू यांची लिपिशैली 'खाइ-शू', म्हणजे चिनी लेखनाची प्रमाणबद्ध, सुवाच्य शैली. तीत प्रत्येक रेषा स्वतंत्र उमटते. घाईत लिहिताना होते तशी एक रेषा दुसरीत मिसळत नाही. छू यांची रेषा बारीक, पण लवचीक आहे. कुंचला कोठे दाबला, कोठे हलकेच उचलला, हे दगडावरही कळते. एका शिळेवरील उभ्या ओळी चिनी प्रथेप्रमाणे उजवीकडून सुरू होतात, तर दुसरीवरील डावीकडून. द्वाराच्या दोन बाजू एकमेकींस शोभाव्यात म्हणून ही योजना. शिळेवर कागद चिकटवून शाईने घेतलेल्या ठशांवरून पुढील पिढ्यांनी ही अक्षरे गिरवली. आठव्या शतकातील येन चन-छिंग यांच्यासारख्या थोर लेखकाच्या घडणीतही छू यांचा वाटा मानला जातो.

आम्हांस त्या शिळेवरील आणखी एक नाव अधिक मोलाचे वाटते. छू हे राज्याचे मंत्री होते, तेव्हा त्यांचे नाव असणे स्वाभाविकच. पण तेथे वान वन-शाओ हेही नाव आहे, आणि ते आहे अक्षरे खोदणाऱ्याचे! कुंचल्याची सूक्ष्म थरथर छिन्नीने दगडात उतरविणारा हा कारागीर नसता, तर छू यांची अक्षरे आपल्यापर्यंत पोहोचली नसती.

अजिंठ्याकडे पाहू. सोळाव्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव आणि सव्विसाव्यात भिक्खू बुद्धभद्र हे दाते म्हणून अमर झाले. परंतु आज वाचता येणाऱ्या भागात अक्षरे खोदणाऱ्याचे नाव आढळत नाही. तथापि आपल्या परंपरेत कारागीर सर्वत्र निनावीच राहिला, हे म्हणणे खरे नव्हे. सम्राट अशोकाच्या ब्रह्मगिरी येथील लेखाखाली चपड या लिपिकराचे नाव आहे. आपल्या खानदेशच्या सीमेवर, चाळीसगावच्या दक्षिणेकडील डोंगरात पितळखोरे लेणी आहेत. तेथील यक्षमूर्तीच्या हातावर ती घडविणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव कोरलेले आहे.

येथे विनयपिटकाचे स्मरण होते. त्यातील सुत्तविभंगात, लोकव्यवहारात कोणती शिल्पे उच्च व कोणती हीन मानली जात, याची नोंद आहे. लेखन उच्च गणले जाई. बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार व न्हावी यांची कामे हीन. पण ही नोंद आली आहे ती कशासाठी? जात, गोत्र, काम वा शिल्प यांवरून दुसऱ्या भिक्खूस टोचून बोलणे हा दोष ठरविणाऱ्या नियमाच्या स्पष्टीकरणात. प्रतवारी समाजाची होती. तिच्या आधारे कोणाचा अवमान करण्यास संघात मज्जाव होता. लेखणी उच्च आणि छिन्नी हीन, ही समजूत आपल्याकडे पुढे किती घट्ट झाली, हे आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावे? म्हणूनच मंत्र्याच्या नावासमवेत दगड खोदणाऱ्याचे नाव वाचताना आम्ही थबकतो.

छू यांचे उत्तरायुष्य कष्टाचे गेले. 655 मध्ये काओ-त्सुंग यांनी वू हिला सम्राज्ञीपद देण्याचे ठरविले, तेव्हा छू यांनी भर दरबारात विरोध केला. त्यांना पदावरून दूर करून दूर दूर धाडण्यात आले, आणि 658 मध्ये आजच्या व्हिएतनाममधील थान्ह-होआ भागात त्यांचा अंत झाला. ज्या सम्राटाने त्यांना घालवून दिले, त्याचाच लेख दुसऱ्या शिळेवर आजही छू यांच्याच अक्षरांत वाचावा लागतो.