नवं घर बांधताय? कुदळ मारायच्या आधी एवढं बघून घ्या

सोयाबीनची रास झाली, उसाचं बिल खात्यावर आलं की औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या पट्ट्यात गावोगावी पाया खोदायचं काम निघतं. पण त्याच गावांत फिरलं तर चार-पाच अर्धवट घरं हमखास दिसतात. कॉलमच्या सळया वर उघड्या, गंजलेल्या, आणि खाली शेळ्या बांधलेल्या. पैसा नव्हता असं नाही, आधी हिशेब केला नव्हता.

जागेचा कागद

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. त्यावर नाव लागलं म्हणून जागेची मालकी सिद्ध होत नाही. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. या दोन्हींत बरेच जण गल्लत करतात. गावठाणात ड्रोनची मोजणी झाली असेल तर स्वामित्व योजनेतलं मालमत्ता पत्रक काढून घ्यावं. शेतात घर घ्यायचं असेल तर अकृषक परवानगीचं तहसीलला आधी विचारावं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जागेला नियम थोडे सोपे आहेत.

खरी अडचण सामाईक गटाची. "भाऊच आहे, काय म्हणणार?" असं म्हणून लोक जोतं घालतात. पुढं भाऊ काही म्हणत नाही, पण त्याची पोरं म्हणतात. वाटणीपत्र नोंदणीकृत असावं, चतु:सीमा स्पष्ट असाव्यात, आणि त्यानंतरच चुना टाकून आखणी करावी. ग्रामपंचायतीत अर्ज आणि नकाशा दिल्याची पोच जपून ठेवावी.

काळी जमीन आणि पाया

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात एवढी भेगाळते की भेगेत हात जातो. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यात तिच्यावर ठेवलेलं घर हलतं. दरवाजाच्या कोपऱ्यापासून वर तिरकी गेलेली चीर बऱ्याचदा यातूनच येते. म्हणून पाया काळीत थांबवायचा नाही, पक्का मुरूम लागेपर्यंत न्यायचा. पाच-सहा फुटांवरही मुरूम लागत नसेल तर मिस्त्रीच्या अंदाजावर न जाता इंजिनिअरला खड्डा दाखवावा. त्याची फी नंतरच्या दुरुस्तीपेक्षा फार कमी पडते.

दुसरी चूक जोतं भरताना होते. खोदलेली काळी माती समोरच पडलेली असते, मुरमाच्या ट्रॉलीचे पैसे वाचतात म्हणून तीच आत ढकलली जाते. दोन पावसाळ्यांत फरशी उचलते. जोत्यात मुरूमच भरावा, थर देऊन, पाणी मारून, चोपून. घराभोवती पक्की उताराची पट्टी करावी. पत्र्याच्या पागोळ्या आणि न्हाणीचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नये. शौचालयाचा शोषखड्डा विहीर-बोअरपासून किमान १० मीटर लांब ठेवावा.

किल्लारी विसरू नये

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं अंगावर आलं. तेव्हाची पोरं आज घरं बांधतायत. खर्चात काटकसर करायची तर फरशीत करावी, रंगात करावी. जोत्याचा पट्टा आणि दारं-खिडक्यांच्या वरचा लिंटल पट्टा सोडू नये. हा पट्टा फक्त दारावर तुकड्यात नको, चारही भिंतींवरून सलग फिरलेला हवा. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटवू नये, दोनेक फूट भिंत सोडावी. कॉलमच्या रिंगांची टोकं आत वाकवलेली आहेत का, हे मालकानं स्वतः बघावं. काँक्रीट पडल्यावर ते दिसत नाही.

मालाचं माप

१ ब्रास म्हणजे १०० घनफूट. वाळू-खडीची गाडी रिकामी व्हायच्या आधी टेप लावून लांबी, रुंदी, उंची मोजावी. सळई वजनावर मिळते, पण १२ मीटरच्या एका सळईचं वजन ठरलेलं असतं: ८ एमएम साधारण पावणेपाच किलो, १० एमएम ७.४ किलो, १२ एमएम १०.६ किलो. थोडाफार फरक चालतो, फार कमी भरली तर परत पाठवावी. ६०० चौरस फुटांच्या ५ इंची स्लॅबला अडीच ब्रास काँक्रीट लागतं, म्हणजे सिमेंटची ५५ ते ६० पोती. बीमचं वेगळं. एका पोत्याला पाणी ३० लिटरच्या वर नको. माल पातळ केला की मिस्त्रीला ओतायला सोपं जातं, पण स्लॅब कच्चा होतो.

गुत्तं ठरवताना

भांडणं दरावरून कमी, मापावरून जास्त होतात. चौरस फुटाचा दर ठरतो, पण सज्जा मापात धरायचा का, जिना, ओटा, पाण्याची टाकी, शौचालय त्यातच की वेगळं, सेंट्रिंगच्या फळ्या कोणाच्या, हे बोललेलंच नसतं. साध्या कागदावर का होईना, लिहून दोघांनी सही करावी. पैसे जोतं, लिंटल, स्लॅब, प्लास्टर अशा टप्प्यांनी द्यावेत. उचल कामाच्या पुढं गेली की गुत्तेदार दुसऱ्या गावात दिसतो.

पाणी आणि महिना

स्लॅबवर आळी करून निदान १० ते १४ दिवस पाणी उभं राहिलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये प्यायलाच टँकर, तिथं स्लॅबला पाणी कुठून आणणार? म्हणून पाया दिवाळीनंतर लगेच आणि स्लॅब शिवरात्रीच्या आसपास उरकला तर बरं. खारं पाणी वापरू नये, सळई गंजते. खालचे टेकू दोन आठवड्यांच्या आत काढू देऊ नयेत, मोठ्या गाळ्याला आणखी थांबावं. फळ्या दुसरीकडं न्यायच्या म्हणून सेंट्रिंगवाला घाई करतो.

घरकुलवाल्यांसाठी

प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्यानं मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट लागतं. पुढचा हप्ता कामाचा टप्पा पूर्ण झाल्याचा फोटो चढल्यावर पडतो. घरकुल मंजूर झालं म्हणून हौसेनं ६०० फुटांचं जोतं घातलं की दुसऱ्या हप्त्यालाच गाडी अडते. लहान घर पुरं करावं आणि वाढवायची बाजू नकाशात मोकळी ठेवावी. लाभार्थ्याला ५ ब्रास वाळू मोफत मिळण्याची तरतूद आहे, त्यासाठी पंचायत समिती आणि तहसीलकडे वेळेत चौकशी करावी.

घर पुरं झालं की ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नव्या बांधकामाची नोंद लावून घ्यावी. नोंद पती-पत्नी दोघांच्या नावानं करण्यासाठी अर्ज तेव्हाच देता येतो.