वीज गेली, कॉम्प्युटर बंद पडला: हार्ड डिस्क कशी तपासायची?

गुरुवारी वीज जाणार, हे खडकीकरांना नवीन नाही. पुण्यात महावितरणची देखभाल-दुरुस्तीची कामं बहुतेक वेळा याच दिवशी असतात. पंखा बंद पडला तर घाम येतो, तेवढंच. पण यूपीएस नसलेला कॉम्प्युटर काम सुरू असताना बंद पडला, तर पुढच्या वेळी स्क्रीनवर 'डिस्क तपासली जात आहे' असा संदेश दिसू शकतो. अशा वेळी नेमकं काय बिघडलेलं असतं? आणि घाईत 'रिपेअर' दाबावं का?

फाइल सिस्टीम म्हणजे काय?

१८६९ पासून दारूगोळा कारखाना असलेल्या खडकीत गोदाम आणि नोंदवही यांचं नातं वेगळं सांगायला नको. हार्ड डिस्क हे गोदाम, तर फाइल सिस्टीम ही त्याची नोंदवही. कोणती फाइल कुठे आहे, तिने किती जागा घेतली आहे, कोणती जागा रिकामी आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं.

नोंद अर्धवट असतानाच वीज गेली, तर वही आणि गोदाम यांचा ताळमेळ बसत नाही. फाइल डिस्कवर असते, पण वहीत तिचा पत्ता नसतो. किंवा एकच जागा दोन फाइलींच्या नावावर दिसते. यालाच फाइल सिस्टीममधली त्रुटी म्हणतात.

विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम बदल करण्याआधी त्याची कच्ची नोंद ठेवते. त्यामुळे बरेचदा ती स्वतःच सावरते. पेन ड्राइव्हमध्ये सहसा असणाऱ्या फॅट-३२ आणि एक्सफॅट या प्रकारांत ही सोय नाही. म्हणूनच पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता ओढून काढू नये.

आधी बॅकअप, मग तपासणी

इथेच बहुतेकांची चूक होते. दुरुस्तीचं काम नोंदवही सुसंगत करण्याचं असतं, तुमचे फोटो वाचवण्याचं नाही. ताळमेळ बसवताना एखादी नोंद काढून टाकली जाऊ शकते. मालक न सापडलेले तुकडे कधी कधी 'फाउंड' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जमा होतात, पण त्यातून मूळ फाइल मिळेलच असं नाही.

म्हणून डिस्क उघडत असेल, तर लग्नाचे फोटो, प्रकल्प अहवाल, दुकानाचा हिशेब आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा.

विंडोजमध्ये तपासणी कशी करायची?

१. 'धिस पीसी' उघडा आणि हव्या त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करा.

२. 'प्रॉपर्टीज', मग 'टूल्स' आणि तिथे 'चेक' निवडा.

३. 'स्कॅनची गरज नाही' असा संदेश आला, तरी हवं असल्यास 'स्कॅन ड्राइव्ह' दाबता येतं. त्रुटी सापडली, तर दुरुस्तीचा पर्याय दिसतो.

हेच काम कमांड प्रॉम्प्टमधून 'चेकडिस्क' या कमांडने होतं. कमांड प्रॉम्प्ट 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा. नुसती कमांड दिली तर ती फक्त तपासते. पुढे स्लॅश आणि 'एफ' जोडलं तर दुरुस्ती करते. 'आर' जोडलं तर डिस्कवरचे खराब भागही शोधते, त्याला काही तास लागू शकतात. सी ड्राइव्ह वापरात असल्यामुळे त्याची दुरुस्ती पुढच्या रीस्टार्टला होते. ती सुरू असताना कॉम्प्युटर बंद करू नका. म्हणजेच, वीज जायच्या दिवशी हे काम काढू नका!

मॅकवर 'डिस्क युटिलिटी'मध्ये 'फर्स्ट एड' आहे. लिनक्समध्ये 'एफएससीके' आहे, पण ती वापरण्याआधी ते पार्टिशन अनमाउंट करावं लागतं.

कधी थांबायचं?

डिस्कमधून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, ती मध्येच दिसेनाशी होत असेल किंवा त्रुटी पुन्हा पुन्हा येत असतील, तर दोष वहीत नाही, गोदामातच आहे. अशा डिस्कवर तासन्‌तास दुरुस्ती चालवली, तर उरलेला डेटाही जाऊ शकतो. कॉम्प्युटर बंद करा. डेटा मोलाचा असेल, तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे डिस्क द्या.

एसएसडीमध्ये फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती आवाज न करताही बंद पडू शकते. विंडोज ११ च्या स्टोरेज सेटिंग्जमध्ये एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीची तब्येत पाहता येते.

पुढच्या गुरुवारआधी

ग्राहक क्रमांकाशी मोबाइल नंबर जोडलेला असेल, तर नियोजित वीजबंदीची सूचना महावितरणकडून एसएमएसने मिळते. तो मेसेज आला की महत्त्वाच्या फाइलींची कॉपी करा आणि वेळेआधी कॉम्प्युटर रीतसर शटडाउन करा. डेस्कटॉपसाठी छोटा यूपीएस घेतला, तरी अचानक वीज गेल्यावर काम सेव्ह करण्यापुरती काही मिनिटं हाताशी राहतात.