डीझेल वाहने : एंजिन सुरू करणे व इंधनपुरवठा

डीझेल एंजिनात ठिणगी पाडणारी योजना नसते. सिलिंडरातील हवा दट्ट्याने तिच्या मूळ घनफळाच्या सु. पंधराव्या ते बाविसाव्या हिश्शापर्यंत दाबली की, ती अतिशय तापते व तीत फवारलेले इंधन आपोआप पेटते (→ अंतर्ज्वलन-एंजिन). म्हणून एंजिन सुरू होण्यास पुरेशी तापलेली हवा आणि योग्य क्षणी, योग्य दाबाने येणारे इंधन या दोन गोष्टी आवश्यक असतात. लहान वाहनात त्या साधण्यासाठी वेळोवेळी जे उपाय योजण्यात आले, तेच पुढे जुन्या वाहनांतील बिघाडाची ठिकाणे ठरले. त्यामुळे वापरलेल्या डीझेल व्हॅनमधील दोष शोधताना तिचे एंजिन या विकासाच्या कोणत्या टप्प्यातील आहे, हे प्रथम पाहावे लागते.

रूडोल्फ डीझेल (१८५८–१९१३) यांच्या एंजिनाची अधिकृत चाचणी फेब्रुवारी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्झबर्ग येथे झाली. सु. २० अश्वशक्तीच्या या एंजिनाने इंधनातील सु. २६ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर केले. मात्र इंधन संपीडित हवेच्या झोताने फवारले जात असल्यामुळे वेगळा संपीडक लागे व एंजिन अवजड होई. १९०९ मध्ये प्रॉस्पर लोरांज यांनी बेंझ कंपनीत पूर्वकक्षाचे एकस्व मिळविले. पूर्वकक्षात इंधनाचा काही भाग आधी पेटतो व उरलेला त्याच्या दाबाने मुख्य कक्षात फेकला जातो. त्यामुळे हवेच्या झोताची गरज उरली नाही. १९२४ च्या सुमारास जर्मनीत डीझेल मालमोटारी तयार झाल्या. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले व १९३६ मध्ये मर्सिडीझ-बेंझ २६० डी ही मोटारगाडी पुढे आली.

पूर्वकक्षाच्या भिंतींचा पृष्ठभाग मोठा असल्याने थंड एंजिनात उष्णता वाया जाते. ती भरून काढण्यासाठी विजेने तापणारे हीटर प्लग बसवितात. जुन्या रचनेत ते एकसरीत जोडलेले असत; एक जळाला की सर्वच निकामी होत. नंतरच्या समांतर जोडणीत एक प्लग गेल्यास एंजिन सुरू होते, पण काही वेळ अडखळत चालते. थंड एंजिन फिरविताना निष्कास नळीतून पांढरा धूर निघाल्यास इंधन पोहोचते, पण पेटत नाही, असे समजावे. अशा वेळी हीटर प्लग, विद्युत् घटमालेची शक्ती व सिलिंडरातील संपीडन तपासतात. धूर मुळीच न निघाल्यास दोष बहुधा इंधनमार्गात असतो.

१९७५ नंतर बॉश कंपनीचा लहान वितरक पंप मोटारगाड्या व व्हॅन यांत रूढ झाला. त्याचे वंगण इंधनानेच होते. साहजिकच पाणीमिश्रित इंधन त्यास घातक ठरते. इंधन बंद करणाऱ्या विद्युत् झडपेस वीज न मिळाल्यास पंप सुस्थितीत असूनही एंजिन सुरू होत नाही. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत सूक्ष्म फट असल्यास इंधन बाहेर न गळता हवाच आत शोषली जाते. वाहन रात्रभर उभे राहिले की इंधन टाकीकडे परतते आणि सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. पारदर्शक नळीचा तुकडा मध्ये जोडून बुडबुडे पाहिल्यास हा दोष उघड होतो. कडक थंडीत डीझेलमधील मेणाचे स्फटिक गाळणीत अडकूनही पुरवठा खुंटतो.

१९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ या गाडीत सामाईक नलिकेची (कॉमन रेल) पद्धत आली. तीत दाब सु. १,३५० बारपर्यंत जाई. येथे ठराविक दाब निर्माण झाल्याखेरीज नियंत्रक इंजेक्टर उघडत नाही. झिजलेल्या इंजेक्टरांतून परत जाणारे इंधन वाढले, तर पंप चांगला असूनही दाब चढत नाही. म्हणून प्रत्येक इंजेक्टरचे परतीचे इंधन मोजतात. जुन्या एंजिनांत इंजेक्टरच्या नळीची चकती सैल करून इंधन पाहण्याची रीत होती. या पद्धतीत ती वापरणे धोक्याचे आहे, कारण इतक्या दाबाची धार कातडी भेदून शरीरात शिरते.

सर्व टप्प्यांत पंप हा सर्वांत महाग भाग राहिला आहे. स्वस्त व सोप्या तपासण्या, म्हणजे घटमाला, गाळणी, नळ्या व हीटर प्लग यांच्या, आधी केल्यास तो विनाकारण बदलण्याची वेळ येत नाही.