मैलभर धाव आणि बंद दरवाजा

आम्हा बेळगावकरांना पलटण नवी नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे. भरतीची तयारी करणारी पोरे पहाटे रस्त्यावर धावताना आपण पाहतोच. त्यांच्या डोक्यात एकच आकडा असतो: साडेपाच मिनिटे.

बरीच वर्षे चालत आलेला हिशोब असा: १.६ किलोमीटर, म्हणजे जुन्या मापाने एक मैल, साडेपाच मिनिटांत धावला तर ६० गुण. पुढच्या पंधरा सेकंदांत पोहोचला तर ४८. दहा पुल-अप्सना ४० गुण. शिवाय ९ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा आणि नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालायचे. चारशे मीटरच्या मैदानावर या धावेच्या चार फेऱ्या होतात, म्हणजे फेरीला सरासरी ८२.५ सेकंद. पहिली फेरी जोशात मारणारा तिसऱ्या फेरीत ढेपाळतो.

निकष कडक आहे खरा. पण मैदानावर उतरूच न देणे ही त्याहून कडक गोष्ट असते, आणि तीही आपल्याच मुलखात घडलेली आहे.

मुंबई लष्करात महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पडलेल्या शिपायांची 'नाक'ने संपणारी नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढाऊ जाती'चा विचार बळावला. शिपाई कसा आहे यापेक्षा कोणत्या जातीत जन्मला हे पाहिले जाऊ लागले. १८९२ मध्ये महारांची भरती बंद झाली. त्यांना कुणी धाववून नापास केले नव्हते. दारच लावून घेतले होते.

लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध सरल्यावर तीही मोडली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले. सुभेदार रामजींच्या या मुलाने मागणी लावून धरली आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, ती आपल्या बेळगावातच. याच रेजिमेंटचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना १९८७ मधील श्रीलंकेतील शौर्याबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ज्या रेजिमेंटसाठी अर्जांवर अर्ज करावे लागले, तिने दिलेले हे उत्तर!

काही पायदळ रेजिमेंटांची जुनी वर्गरचना आजही टिकून आहे, हे आपण विसरू नये. तरीही मैदानावरचे घड्याळ आडनाव विचारत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ते पोराच्या पायात बूट आहेत का, पोटात दूध-चणे आहेत का, हेही विचारत नाही. ते विचारणे आपले काम आहे. आपल्या मंडळांनी वर्गणीतला थोडा वाटा राखून पोरांना मोजलेले मैदान, एक घड्याळ आणि फेऱ्यांचा हिशोब शिकवणारा निवृत्त जवान मिळवून दिला, तर ज्यांनी ते दार उघडून घेतले त्यांचे ऋण थोडे तरी फिटेल.