साल व लाकूड यांवरून वृक्षओळख (यवतमाळ जिल्हा)

पाने-फुले नसताना साल, डिंक व काष्ठरचना यांवरून वृक्षाची जाती ठरविण्याची पद्धत. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांसह जिल्ह्यातील शुष्क पानझडी वनांत (पहा : पानझडी वने) उन्हाळ्यात ती विशेष उपयोगी पडते. ऐनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकटींत भेगाळलेली; धावड्याची गुळगुळीत, पांढुरकी; सालईची पातळ पापुद्रे सुटणारी (पहा : सालई). बिबळ्याच्या सालीला खाच पाडल्यास लाल डिंक पाझरतो. त्याचे सारकाष्ठ पाण्यात भिजविल्यास पाण्याला निळसर झाक येते, ही खूण फार विश्वसनीय. सागाच्या (पहा : साग) सोनेरी-तपकिरी लाकडात वार्षिक वलये व मोठ्या वाहिन्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. साल काढलेल्या ओंडक्यांची जाती ठरविताना, विशेषतः अवैध वृक्षतोडीच्या तपासात, काष्ठरचनेचा आधार घेतात.