पाच दिवसांचा राजा

९८७ साली ह्यूग कॅपे फ्रान्सच्या गादीवर आला आणि त्यानंतर सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ त्या घराण्यात बापामागून मुलगा हा क्रम एकदाही तुटला नाही. त्यामुळे मुलगा नसेल तर राज्य कोणाचे, हा प्रश्न कधी कोणाला पडलाच नव्हता.

५ जून १३१६ रोजी दहावा लुई वारला. वय अवघे सव्वीस. चेंडूचा खेळ खेळून घामाघूम झालेला असताना तो गार मद्य प्याला, तेच निमित्त झाले असे सांगतात. मागे राहिली पहिल्या राणीची चार वर्षांची मुलगी झान आणि गरोदर असलेली दुसरी राणी क्लेमांस. झानच्या आईवर १३१४ साली व्यभिचाराचा ठपका आला होता आणि पुढच्याच वर्षी ती कैदेत मेली. आईचा कलंक लेकीच्या कपाळी आला. तिच्या जन्माविषयीच लोक कुजबुजू लागले.

लुईचा धाकटा भाऊ फिलिप याने कारभार हाती घेतला आणि सारे राज्य राणीच्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसले. नोव्हेंबरच्या मध्याला मुलगा झाला. तोच फ्रान्सचा राजा पहिला झाँ. जन्मतःच राजा झालेल्या या बाळाला ना राज्याभिषेक लाभला, ना बारसे मिरवता आले. पाचच दिवसांत ते गेले आणि सँ-दनीच्या मठात बापाजवळ त्याला पुरले. विषप्रयोगाच्या वावड्या उठल्या. सिद्ध काहीच झाले नाही. पुढे सिएना शहरातला एक व्यापारी ‘मीच तो झाँ’ म्हणत राज्य मागत फिरला आणि शेवटी कैदेत मेला.

बाळ गेल्यावर झानचा हक्क पुन्हा उभा राहिला. पण फिलिप थांबला नाही. ९ जानेवारी १३१७ रोजी रँस येथे, शहराच्या वेशी बंद ठेवून, त्याने राज्याभिषेक करवून घेतला. फेब्रुवारीत पॅरिसला सभा भरली आणि स्त्रीला फ्रान्सची गादी मिळत नाही, असे ठरले. सॅलिक कायद्याचा जुना आधार या निर्णयाला पुष्कळ नंतर जोडण्यात आला. आधी गरज होती. शास्त्र मागाहून सापडले!

नियतीचा न्याय असा की, १३२२ साली फिलिप वारला तेव्हा त्याच्याही मागे मुलीच होत्या. त्याच नियमाने त्यांनाही डावलले. धाकटा भाऊ चार्ल्स राजा झाला, पण १३२८ साली तोही पुत्राविना गेला. पुन्हा एक राणी गरोदर होती, पुन्हा सारे वाट पाहत राहिले. या वेळी मुलगी झाली. गादी व्हाल्वा शाखेकडे गेली. चार्ल्सची बहीण इझाबेला हिचा मुलगा, इंग्लंडचा तिसरा एडवर्ड, यानेही त्या गादीवर हक्क सांगितला. १३३७ साली पेटलेले युद्ध १४५३ पर्यंत धुमसत राहिले.

झानला १३२८ साली नावारचे छोटे राज्य तेवढे मिळाले. तिथे मुलीचा वारसा चालत असे. पाच दिवसांच्या भावाचे नाव फ्रान्सच्या राजांच्या यादीत आहे, तिचे नाही.