हेइनो लिप : परिघातला विक्रमवीर

एस्टोनिया हे बाल्टिक समुद्राच्या काठचे छोटे राष्ट्र; पण गोळाफेकीच्या इतिहासात त्याचे स्थान आकाराच्या मानाने मोठे आहे. १९३४ मध्ये ट्यूरिन येथे भरलेल्या पहिल्या युरोपीय मैदानी स्पर्धेत आर्नोल्ड व्हीडिंगने आणि १९३८ मध्ये पॅरिस येथे अलेक्सांडर क्रेकने या प्रकारातील सुवर्णपदक जिंकले. दोघेही स्वतंत्र एस्टोनियाच्या वतीने उतरले होते. त्यांचा वारसा पुढे नेणाऱ्या हेइनो लिपच्या (१९२२–२००६) वाट्याला मात्र ते भाग्य आले नाही. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया गिळंकृत केला. मधल्या जर्मन अंमलानंतर १९४४ मध्ये तीच सत्ता परतली, आणि लिपची सारी कारकीर्द तिच्या छायेत घडली.

गोळाफेक, थाळीफेक आणि दहा प्रकारांची डेकॅथलॉन या तिन्हींत लिप सोव्हिएत संघाचा विजेता ठरला. गोळाफेकीत त्याने युरोपीय उच्चांकही मोडले. १९५१ मधील त्याची सर्वोत्तम फेक १६.९८ मीटरची होती. आदल्याच वर्षी ब्रुसेल्सच्या युरोपीय स्पर्धेत आइसलंडच्या गुन्नार हुसेबीने १६.७४ मीटर फेकीवर सुवर्णपदक मिळविले होते. त्या स्पर्धेत सोव्हिएत संघ उतरला, लिप नव्हता. १९५२ मध्ये सोव्हिएत संघाने प्रथमच ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. ते हेलसिंकी शहर टॅलिनहून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, आखाताच्या पलीकडच्या काठावर. तेथेही लिपला जाऊ दिले गेले नाही. राजकीयदृष्ट्या तो विश्वासार्ह मानला जात नव्हता. त्याचे विक्रम राज्यसंस्थेला हवे होते. तो सीमेपलीकडे जाणे मात्र तिला नको होते. गोळा फेकणाऱ्याने सुमारे दोन मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाऊल टाकू नये, हा खेळाचा नियम. लिपभोवती राज्यसंस्थेने दुसरे वर्तुळ आखले होते.

अशा चरित्राला हुतात्म्याची झळाळी देणे सोपे असते. आकडे शेजारी मांडून न मिळालेले पदक त्याच्या गळ्यात घालण्याचा मोह होतो. परंतु निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या मैदानांवर केलेल्या फेकींची तुलना म्हणजे स्पर्धा नव्हे. हेलसिंकीत लिप जिंकला असता की हरला असता, हे इतिहास सांगू शकत नाही. त्याच्यावरील अन्यायाचे मर्म नेमके येथेच आहे. त्याच्याकडून पदक हिरावले गेले असे म्हणता येत नाही. हिरावला गेला तो हरण्याचाही अधिकार. पराभवाची शक्यता नसेल तर विक्रम ही केवळ एक नोंद उरते.

१९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला. १९३६ नंतर प्रथमच, १९९२ मध्ये बार्सिलोना येथे, त्याचे पथक स्वतःच्या नावाने उन्हाळी ऑलिंपिकमध्ये उतरले. उद्घाटनाच्या संचलनात ध्वज हाती घेऊन चालत होता सत्तर वर्षांचा लिप. ही त्याच्या नुकसानीची भरपाई नव्हती. गेलेली चाळीस वर्षे कोणताही ध्वज परत आणू शकत नाही. पण ज्याला कधी मैदानात उतरू दिले नव्हते, तो अखेर आपल्या देशाच्या नावाने जगासमोर आला. त्या दिवशी कोणी त्याचे अंतर मोजत नव्हते.